कोकणातील ऊन पाण्याचे झरे : आधी तपास, मग वीज

(बेव्हर्ली पार्क, मीरा रोड येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आपण बसलो आहोत तेथून वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडे फार लांब नाहीत. तेथे आपण आंघोळ करून आलो आहोत. कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही, तरी पाणी तापते. पावसाचे पाणी खडकातील भेगांतून खोल उतरते. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारणतः 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. असे झरे येथपासून तुरळ, राजवाडी, राजापूरपर्यंत पसरले आहेत.

मग यावर वीज का होत नाही? इटलीत लार्देरेल्लो येथे 1904 मध्ये जमिनीतील वाफेवर दिवे लागले, पण तेथे वाफच होती. आपल्या उन्हवऱ्याचे पाणी सुमारे 70 अंशांचे. अलास्कात चेना येथे 2006 मध्ये 74 अंशांच्या पाण्यावर वीज झाली खरी. त्या पाण्याने लवकर उकळणारा द्रव उकळवून चक्र फिरवतात. पण यंत्र थंड ठेवायला तेथे अतिथंड पाणी मिळते. आपल्या दमट हवेत तो फायदा नाही, म्हणून आपल्याला जास्त खोलीवरचे, जास्त गरम पाणी लागेल.

ते शोधणे हेच भूशास्त्रज्ञांचे काम. पाण्यात विरघळलेल्या सिलिकेवरून खालच्या तापमानाचा अंदाज येतो. पण अंदाजावर कारखाना उभा राहत नाही. कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल विवर घेतले, तेव्हा काळ्या पाषाणाखालचा ग्रॅनाइट हाती आला. झऱ्यांजवळही खोल विवरे घेऊन तापमान, भेगा आणि पाण्याचा साठा मोजला पाहिजे. उपसलेले पाणी परत खाली सोडता येईल का, हेही पाहिले पाहिजे. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथे 1958 मध्ये वीजकेंद्र सुरू झाले आणि शेजारच्या खोऱ्यातील उसळते झरे काही वर्षांत बंद पडले. आपली कुंडे तशी जाऊ द्यायची काय?

तोपर्यंत हे पाणी पिकाला देऊ नका. त्यात मीठ बरेच असते, जमीन खारवते. उष्णता मात्र वापरता येईल. ऊन पाणी नळ्यांतून फिरवून त्यावर तापलेल्या हवेत मिरची, आमसुले, मासळी वाळवता येतील. पावसाळ्यात सुकवणीची अडचण उत्तनच्या भगिनींना मी सांगायला नको. झऱ्याजवळ ज्यांची विहीर असेल त्यांनी दर महिन्याला पाण्याची पातळी व तापमान वहीत टिपून ठेवावे आणि पाण्याचा नमुना तपासून घ्यावा.