एम-थ्री राहिला, म्हणून आर्मीही राहिली?

दापोडीच्या सीएमईवरून जाताना माझी मान अजूनही वळते. सैन्यात इंजिनिअर ऑफिसर व्हायचं होतं ना! पण एनडीएच्या लेखीत ९०० पैकी ३०० मार्कांचं गणित, तिथेच कच खाल्ली. बीटेकला एम-थ्री दोनदा राहिला, मग तर विषयच सोडला. कोडिंगला लागलो.

खूप उशिरा कळलं, एसएससी टेकला लेखी परीक्षाच नाही! डिग्रीच्या टक्क्यांवर शॉर्टलिस्ट, मग पाच दिवसांचं एसएसबी. तिथे फळी, बल्ली, दोरी घेऊन गटानं अडथळा पार करायचा. गणितातून सुटका नाही हं, टक्के त्यानंच पडतात. पण दार बंद नव्हतं.

वयाची अट २० ते २७. मी ती वाचली अठ्ठाविसाव्या वर्षी. फायनल इयरवाल्यांनो, तुम्हालाही अर्ज करता येतो.