विधिमंडळातून गावच्या चावडीकडे
(ज्ञातिमंडळाच्या पडघा येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव, लग्नातील खर्चास आळा, वसतिगृहाचा निधी हे विषय दरवर्षी चर्चेस येतात आणि ते यावयासच हवेत. यंदा मात्र कार्यकारी मंडळाने माझ्याकडे जरा निराळा विषय सोपविला आहे. जो गृहस्थ एके काळी विधानसभेत बसला, तो पुढे जिल्हा परिषदेच्या गटातून, पंचायत समितीच्या गणातून किंवा गावच्या सरपंचपदासाठी मत मागावयास आपल्या दारी आला, तर आपण त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा तो विषय होय. राज्यात दीर्घकाळ रखडलेल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशानंतर टप्प्याटप्प्याने होऊ लागल्या. तेव्हा हा प्रश्न आज आपल्या उंबरठ्याशी आलेला आहे.

अशा उमेदवाराविषयी पारावर पहिला उद्गार निघतो तो थट्टेचा. “साहेब मुंबईहून घसरले ते थेट चावडीत येऊन पडले,” असे म्हणून लोक हसतात. या हसण्याच्या मुळाशी एक समजूत आहे. ती अशी की, लोकसेवेच्या जागा म्हणजे एक शिडी. ग्रामपंचायत ही तिची खालची पायरी आणि विधानसभा वरची. वर गेलेल्याने खाली उतरणे ही त्याची नामुष्की. ही समजूत मला मान्य नाही. ती आपल्या इतिहासाला धरून नाही आणि आपल्या कायद्यालाही धरून नाही.

इतिहास पाहा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले प्रथम मुंबईच्या कायदे कौन्सिलात होते, पुढे ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. साम्राज्याच्या अंदाजपत्रकावरील त्यांची भाषणे सरकारलाही ऐकून घ्यावी लागत. त्याच काळात ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही होते. साम्राज्याचा जमाखर्च तपासणाऱ्या माणसाला शहराचे पाणी, रस्ते आणि गटारे यांचा विचार करणे कमीपणाचे वाटले नाही.

अलीकडच्या काळातील उदाहरण हवे असेल तर वामनराव महाडिक यांचे घ्या. १९७० च्या परळ येथील पोटनिवडणुकीत ते विधानसभेवर गेले आणि शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. १९७२ च्या निवडणुकीनंतर ते विधानसभेत नव्हते. परंतु १९७८ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले आणि १९८९ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. श्रीमती विशाखा राऊत १९९७ मध्ये मुंबईच्या महापौर झाल्या, १९९९ मध्ये दादरच्या आमदार झाल्या आणि २०१७ मध्ये पुन्हा महापालिकेत साध्या नगरसेविका म्हणून निवडून आल्या. यांच्या पक्षाशी कोणाचे पटो वा न पटो, तो आजचा विषय नाही. सांगावयाचे इतकेच की, विधिमंडळ पाहिलेला माणूस पुन्हा वॉर्डात येऊन बसतो, ही गोष्ट जगावेगळी नव्हे.

आता कायद्याकडे वळू. बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या शिफारशींनंतर महाराष्ट्राने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. काही राज्यांनी आमदार-खासदारांना या संस्थांवर पदसिद्ध स्थान दिले होते. नाईक समितीने तसे केले नाही. आमदाराच्या वजनाखाली गावोगावचे नवे नेतृत्व दबून जाऊ नये, हे त्यातील शहाणपण उघड आहे. याचा अर्थ मी असा करतो की, आमच्या राज्याने जिल्हा परिषदेला विधानसभेची धाकटी बहीण मानले नाही. तिला तिचे स्वतंत्र घर दिले. पुढे १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्या घराला राज्यघटनेचा पाया मिळाला. म्हणून माजी आमदार जेव्हा या घरात येऊ इच्छितो, तेव्हा तो खाली उतरत नसून दुसऱ्याच्या घरी येत असतो. येणाऱ्याने मात्र त्या घराची रीत पाळली पाहिजे.

ही रीत कशी आहे ते आपल्या पडघ्याच्या परिसरातच दिसेल. मुंबई-नाशिक महामार्ग आपल्या अंगणातून जातो. समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरहून निघालेला तो सातशे एक किलोमीटरचा रस्ता आपल्याजवळच आमणे येथे येऊन थांबला. भाताची खाचरे जाऊन भिवंडी तालुक्यात गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. मुंबईची तहान भागविणाऱ्या जलवाहिन्या याच तालुक्यातून जातात, आणि उन्हाळ्यात आपल्याच काही पाड्यांवर आयाबहिणी हंडे घेऊन वणवण करतात. गोदामाची घरपट्टी नीट आकारली गेली काय, ओढ्यात कोणी भराव टाकला, अंगणवाडीचे छप्पर गळते की नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध आहे काय, हे प्रश्न विधानसभेतील भाषणाने सुटत नाहीत. ते ग्रामसभेत, पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेच्या समित्यांत, कागद हातात घेऊन, महिनोन् महिने बसून सुटतात. ठाणे जिल्हा परिषदेची निवडणूक डिसेंबर २०१७ मध्ये झाली होती. तिची मुदत संपल्यावर कारभार प्रशासकाच्या हाती गेला, आणि लोकांनी निवडलेला माणूस तेथे नसला म्हणजे काय होते, हे आपण अनुभवले आहे. गाऱ्हाणे घेऊन जावे तर कोणाकडे, हेच माणसाला कळेनासे होते.

एवढे सांगितल्यावर नाण्याची दुसरी बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. माजी आमदार गावी परततो, तो नेहमीच सेवेसाठी परततो असे नाही. राज्याने माजी आमदारांचे निवृत्तिवेतन २०१६ मध्ये दरमहा पन्नास हजार रुपये केले. पाच वर्षांहून अधिक काळ सदस्य राहिलेल्यास त्याहून अधिक मिळते. तेव्हा उपजीविकेची विवंचना त्याला या वाटेने आणते असे म्हणता येत नाही. मग तो काय मागावयास येतो? कोणी आपला अनुभव गावाच्या पदरी घालावयास येतो. कोणी पुढल्या विधानसभेच्या तिकिटापर्यंत नाव लोकांच्या तोंडी राहावे म्हणून येतो. कोणी जागा केवळ अडवून ठेवावयास येतो, आणि गट स्त्रियांसाठी राखीव झाला की पत्नीचे किंवा सुनेचे नाव पुढे करून कारभार स्वतः हाकतो. २०११ पासून या संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या आहेत. त्या जागेवर बसणारी भगिनी सभेत स्वतः बोलणार नसेल, तर त्या कायद्याची आपणच विटंबना केली असे होईल. शिवाय प्रत्येक जागेसाठी गावात कोणी तरुण, कोणी शिकलेली मुलगी दहा वर्षे राबत असते. मोठे नाव येऊन बसले की तिचा मार्ग पुन्हा पाच वर्षे बंद होतो.

आपल्या आगरी समाजासाठी हा प्रश्न आणखी नाजूक आहे. भिवंडी ग्रामीण हा विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. या डोंगरदऱ्यांवर वारली, कातकरी आणि ठाकूर बांधवांचा हक्क आपल्याआधीचा आहे. परंतु विधानसभेचे दार येथे बंद असल्यामुळे आपल्यातील प्रत्येक महत्त्वाकांक्षी माणसाची दृष्टी जिल्हा परिषदेकडे लागते, आणि मग “आपला माणूस” ही हाक घरोघर फिरू लागते. ही हाक गोड आहे, आणि गोड म्हणूनच घातक आहे. ज्ञातिमंडळ हे मुलांच्या शिक्षणासाठी आणि सुखदुःखात एकमेकांच्या उपयोगी पडण्यासाठी आहे. मतांची मोट बांधून कोणाच्या दारात नेऊन टाकण्यासाठी ते स्थापन झालेले नाही.

आपल्याच समाजात जन्मलेल्या दि. बा. पाटलांचे स्मरण येथे होते. जासईचा हा शेतकऱ्याचा मुलगा १९५७ पासून पाच वेळा आमदार झाला, दोनदा खासदार झाला, विधानसभेत विरोधी पक्षाचा नेता झाला. परंतु उरण-पनवेलच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो पदांचा हिशेब सांगणार नाही. तो १९८४ च्या जानेवारीतील जासईचा लढा सांगेल, गोळीबारात पडलेले पाच हुतात्मे सांगेल, आणि भूमिपुत्राला त्याच्या संपादित जमिनीच्या मोबदल्यात मिळालेला साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क सांगेल. त्या हक्काचा लाभ एका ज्ञातीपुरता नव्हता. ज्याची ज्याची जमीन गेली, त्या प्रत्येकाला तो लागू होता. पदे इतिहासात नोंदली जातात, पण लोकांच्या घरात शिल्लक राहते ते काम. दि. बां.चे नाव अभिमानाने घेणाऱ्या समाजाने आपला उमेदवार याच मापाने मोजला पाहिजे.

म्हणून माजी आमदार दारी आला तर त्याला पाट द्यावा, पाणी द्यावे आणि तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न: आपण विधानसभेत होता, तेव्हा ग्रामपंचायतीचे आणि जिल्हा परिषदेचे अधिकार वाढावेत म्हणून काय केले? ज्याने तेथे बसून या संस्थांचे अधिकार काढून घेण्यास हात वर केला, तो आज त्यांचा कैवारी म्हणून कसा येतो, हे त्यानेच सांगावे. दुसरा प्रश्न: वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, त्यांना आपण शेवटपर्यंत बसणार काय, आणि समोरचा शेतमजूर उलट प्रश्न विचारील तेव्हा “साहेब” ही पदवी दाराबाहेर ठेवणार काय? लक्षात घ्या की ग्रामपंचायतीचा कायदा माजी आमदाराला सूट देत नाही. कराची थकबाकी मुदतीत न भरणारा सदस्य, मग तो कोणीही असो, अपात्र ठरतो. तिसरा प्रश्न: पाच वर्षांनी ही जागा आपण कोणाच्या हाती देणार, आणि त्याला अथवा तिला आजपासून काय शिकविणार?

या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे जो देईल, तो आपल्या ज्ञातीचा असो, कुणबी असो, आदिवासी असो वा मुसलमान असो, त्याला आनंदाने निवडावे. त्याच्या अनुभवाचे मोल मोठे आहे. मंत्रालयातील कोणता कागद कोणत्या मेजावर अडतो, अंदाजपत्रकातील कोणती रक्कम न खर्चिता परत जाते, हे ज्ञान गावाला सहसा मिळत नाही. असा माणूस सरपंच झाला तर गावाचे भाग्यच समजावे. आणि जो उत्तरे टाळून नात्यागोत्याची आठवण देईल, त्याला आदराने नमस्कार करून निरोप द्यावा. आदर आणि मत या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे समाजाने एकदा शिकले पाहिजे.

शेवटी कार्यकारी मंडळास एक नम्र सूचना करतो. निवडणुकीच्या काळात या व्यासपीठावरून कोणत्याही उमेदवाराला ज्ञातीच्या नावाने पाठिंबा जाहीर करू नये, असा ठराव याच संमेलनात व्हावा. त्याऐवजी सर्व उमेदवारांना, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, एकाच दिवशी बोलवावे आणि सर्व गावकऱ्यांसमोर हे तीन प्रश्न विचारावेत. यात आपली शक्ती कमी होईल अशी भीती कोणी बाळगू नये. ज्याचे मत गृहीत धरता येत नाही, त्याच्याच दारी उमेदवाराला खरे बोलावे लागते.