‘हॉलंड, १९४५’: धावत सुटलेले शोकगीत

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या एका तरुण गायकाच्या हाती अ‍ॅन फ्रँकची डायरी पडली आणि तो हादरून गेला. लुइझियाना राज्यातल्या रस्टन गावचा हा जेफ मँगम. ‘न्यूट्रल मिल्क हॉटेल’ हा त्याचा बँड. काळात मागे जाऊन या मुलीला वाचवता आले तर, हा विचार त्याची पाठ सोडेना. फेब्रुवारी १९९८मध्ये त्याच्या बँडचा ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ हा अल्बम आला. त्यातलेच एक गाणे ‘हॉलंड, १९४५’.

अ‍ॅनची कहाणी मराठीतल्या अनुवादामुळे आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे. जुलै १९४२पासून अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कचेरीमागे लपून राहिलेले फ्रँक कुटुंब ४ ऑगस्ट १९४४ रोजी पकडले गेले. १९४५च्या सुरुवातीला बर्गन-बेल्झनच्या छळछावणीत पंधरा वर्षांची अ‍ॅन आणि तिची थोरली बहीण मार्गो, दोघी गेल्या. १५ एप्रिलला ब्रिटिश सैन्य तिथे पोचले.

गाण्यात अ‍ॅनचे नाव नाही. आहे ती त्या वर्षातली एक संध्याकाळ, मुलीच्या सोबतीला फक्त तिची बहीण, आणि काही आठवड्यांवर आलेल्या तोफा. पुढे तीच मुलगी स्पेनमध्ये पियानो वाजवणारा लहान मुलगा होऊन जन्म घेते.

इतक्या दुःखाचे गाणे संथ असेल असे वाटते, पण हे धावत सुटते. चाल लोकगीतासारखी सरळ, स्वर मोजकेच. डेन्व्हरच्या स्टुडिओत निर्माता रॉबर्ट श्नायडर याने गिटारचा आवाज फाटू दिला, त्यावर ढोल आणि पितळी वाद्ये चढवली. मँगम त्या गोंगाटावरून ओरडून गातो.

एका खऱ्या मुलीचा असा मृत्यू कुणी परक्याने आपल्या प्रेमगीताचा विषय करावा का, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर डायरीतच सापडते. तिथली अ‍ॅन बडबडी आहे, आईवर चिडते, प्रेमात पडते, लेखिका व्हायचे ठरवते. तिला मूक, पवित्र प्रतिमा करून टाकणे हाही तिच्यावर अन्यायच. या गाण्याचा दंगा तिच्या त्या उसळत्या स्वभावाला अधिक जवळचा आहे.

अल्बम आला तेव्हा समीक्षकांनी त्याला चांगले म्हटले, डोक्यावर मात्र घेतले नाही. ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाने दहापैकी ८.७ गुण दिले. मँगम लवकरच लोकांसमोरून दूर झाला, बँड थांबला, आणि तरुणांनी गाणी एकमेकांना ऐकवत नेली. २००५च्या पुनर्प्रकाशनाला त्याच ‘पिचफोर्क’ने दहापैकी दहा दिले. २०१३मध्ये बँड पुन्हा मंचावर आला, तेव्हा १९९८मध्ये शाळेतही न गेलेली मुले हे गाणे तोंडपाठ म्हणत होती.

१८ डिसेंबर २०१४ रोजी स्टीफन कोलबेअर या विनोदवीराने आपल्या गाजलेल्या कार्यक्रमाच्या अखेरच्या भागाचा शेवट याच गाण्याने केला. दहा वर्षांचा असताना विमान अपघातात वडील आणि दोन भाऊ गमावलेला हा माणूस. अ‍ॅनसाठी लिहिलेल्या या गाण्यात इतरांनाही आपापली माणसे भेटतात, ती अशी. ज्यांनी डायरी वाचली आहे त्यांनी हे गाणे जरूर ऐकावे, आणि एकदा नव्हे, दोनदा ऐकावे. पहिल्या वेळी शब्द त्या गोंगाटात निसटून जातात.