वेलीला वांझ म्हणण्यापूर्वी
(मंडळाच्या परसबाग वर्गात दिलेले भाषण)



‘सपुष्प वनस्पतींचे जमिनीवरील अवयव व त्यांची कार्ये’ असा भारदस्त विषय कार्यवाहबाईंनी मला नेमून दिला आहे. शाळेच्या पुस्तकात तो दोन पानांत आटोपतो. मी मात्र आज एकच वेल घेणार आहे, आपली लाल भोपळ्याची. कारण या पावसाळ्यात तिघीचौघींनी मला एकच प्रश्न विचारला : “वेल मांडवभर पसरली, फुले ढीगभर येतात नि गळतात, भोपळा एक धरत नाही. वांझ दिसते. उपटून टाकू का?”

उपटू नका. आणि तो शब्दही वेलीला लावू नका. बायकांना तो लावून झाला तेवढा पुरे झाला.

भोपळ्याच्या एकाच वेलीवर दोन प्रकारची फुले येतात. नर फूल लांब, बारीक देठावर असते. त्याच्या मधोमध परागाने माखलेला पिवळा दांडा दिसतो. मादी फुलाचा देठ आखूड नि जाड, आणि पाकळ्यांच्या खाली इवलासा भोपळा उमलण्याआधीच तयार असतो. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात. ती एक सकाळ फुलून गळायचीच. तेव्हा आपण जिला नावे ठेवतो ती वेल बहुतेक वेळा नुसती कोवळी असते.

मादी फूल आले तरी काम संपत नाही. ते पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते. पराग जड व चिकट, वाऱ्याने उडत नाहीत. त्यांना मधमाशीच लागते. पराग न मिळाल्यास तो चिमुकला भोपळा पिवळा पडून गळतो, अपुरे मिळाल्यास वेडावाकडा वाढतो. म्हणून फुले उघडी असताना कीटकनाशक फवारणे म्हणजे पाहुणीला दारातून हाकलणे होय. माश्या फिरकत नसतील तर भल्या सकाळी ताजे नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. दुधीची पांढरी फुले मात्र संध्याकाळी उमलतात. तिथे हेच काम दिवेलागणीला करावे.

आता पानांविषयी. “पानांचेच रान माजले,” म्हणून काही जणी ती सरसकट छाटतात. अहो, पान ही वेलीची चूल आहे! हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळांनी शोषलेले पाणी आणि सूर्यप्रकाश यांतून साखर तयार होते ती तिथे. भोपळ्याचा गोडवा तिथूनच येतो. रोगट, वाळकी पाने खुशाल काढा, हिरवी राहू द्या. भर दुपारी ती माना टाकतात, कारण बारीक छिद्रांतून पाणी जाते ते मुळांच्या पुरवठ्याहून जास्त होते. संध्याकाळी सावरली तर घाबरू नये. सकाळीही मलूल दिसली तर मात्र बुंध्याशी पाहावे.

खोडाचे काम थोडक्यात सांगते : पाणी वर नेणे, साखर जिथे हवी तिथे पोचवणे. जमिनीवर पसरलेल्या वेलीला पेरांपाशीही मुळे फुटतात, म्हणून ती उचलून इकडेतिकडे करू नये.

तणावे मला सर्वांत आवडतात. हे हिरवे दोरे काठीला शिवले की तिला वेढा घालतात, आणि मग मधला भाग स्प्रिंगसारखा पिळत जातो, अर्धा एका दिशेने नि अर्धा उलट. त्यामुळे वाऱ्यात वेल हेलकावते, तुटत नाही. चार्ल्स डार्विन भर वादळात मुद्दाम बाहेर जाऊन भोपळ्याच्याच कुळातल्या एका वेलीचे तणावे पाहत असे. १८७५ च्या आपल्या ग्रंथात त्याने हे लिहून ठेवले आहे. तेव्हा मांडवाला बारीक सुतळी बांधा. जाड बांबू त्यांच्या मुठीत मावत नाही.

राहता राहिली भजी. फुले लांब देठाचीच तोडावीत, तीही माश्यांची फेरी झाल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास. आखूड देठाच्या फुलाला हात लावू नये.