बाजाराची जागा कोणासाठीं?
(भोर-वेल्हे भागांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



पुण्याची मंडई तुम्ही पाहिली आहे. ती 1886 सालीं उघडली, तेव्हां तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव होतें. महात्मा जोतीराव फुले यांचें नांव तिला पुढें बऱ्याच वर्षांनीं मिळालें. पण म्युनिसिपालिटीचे सभासद असतां जोतीरावांनींच ही इमारत बांधण्यास विरोध केला होता, हें आपल्यांतील कितीजणांस ठाऊक आहे?

त्यांस बांधकाम कळत नव्हतें म्हणून काय? छे! ते स्वतः ठेकेदार. मुळा-मुठेवरील धरणाच्या कामास त्यांनीं माल पुरविला. मांजरीस त्यांची शेती होती. चुन्याचा भाव आणि भाजीचा भाव, दोन्ही त्यांस ठाऊक. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, गरिबांच्या करांचा पैसा आधीं त्यांच्या मुलांच्या शिक्षणास लावा. मंडई झाली ती चांगलीच झाली, असें आम्हांस वाटतें. परंतु पैसा कोणाचा आणि सोय कोणाची, हा त्यांचा सवाल कांहीं मिटला नाहीं.

आपल्या भोरचा राजवाडा 1869 सालचा. त्या काळीं दरबारानें ठरवावें आणि रयतेनें मान डोलवावी. 1948 सालीं संस्थान विलीन झालें. आतां ठरविणारे आपण. मग भोरांत किंवा वेल्ह्यांत बाजाराची नवी जागा आंखण्याचा विषय निघेल, तेव्हां आपण घरीं कां बसावें? नकाशा करणारे साहेब कोरड्या दिवसांत जागा पाहून जातात. त्यांस श्रावणांत बोलवा! हिरडस मावळांतून पाटी घेऊन आलेली बाई चिखलांत बसते, कुंभाराचीं मडकीं उघड्यावर, बुरुडाचीं सुपें भिजलेलीं, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहावें.

आधीं उंच ओटे, आणि पागोळ्या पाटींत पडणार नाहींत असें छप्पर. मग पिण्याचें पाणी, आणि बायकांसाठीं संडास. पण त्याची किल्ली शिपायाच्या खिशांत नको. कमान आणि कारंजें पैसे उरल्यास. खालीं बसणाऱ्यास पट्टी किती, तिची पावती मिळेल काय, लिलावांत सारे गाळे एकाच घरांत जातील काय, हें आधींच लिहून घ्या.

शहराच्या विकास आराखड्यावर हरकत घेण्यास 1966 च्या कायद्यानें मुदत ठेवली आहे. तो लागला कीं ज्यास वाचतां येतें त्यानें मोठ्यानें वाचावा, आणि माळी, कुंभार, बुरूड, भाजीवाल्या बाया यांनीं आपापली बसण्याची जागा त्यावर बोट ठेवून मागावी.