यूएस-64 चा धडा आणि आजचा म्युच्युअल फंड



युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने यूएस-64 ही योजना 1964 साली आणली, तेव्हा शेअर बाजार हा पगारदार माणसाच्या लेखी सट्टेबाजांचा अड्डा होता. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली संस्था, वर्षाकाठी नेमाने येणारा लाभांश आणि हवे तेव्हा परत करता येणारे युनिट, यांमुळे मध्यमवर्गाला ही योजना बँकेतील ठेवीइतकीच भरवशाची वाटू लागली. मुलीच्या लग्नाची तजवीज असो वा निवृत्तीच्या वेळी हाती आलेली ग्रॅच्युइटी, लोकांनी ती निःशंक मनाने या योजनेच्या हवाली केली.

वस्तुतः ती ठेव नव्हती. योजनेतील मोठा वाटा कालांतराने समभागांत गेला होता. युनिटची किंमत मात्र मालमत्तेच्या बाजारमूल्यावरून न ठरता संस्था स्वतःच जाहीर करीत असे. 1998 मध्ये योजनेचा राखीव निधी उणे झाल्याचे उघड झाले. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, सरकार मदतीला धावले आणि लोक पुन्हा निर्धास्त झाले. जुलै 2001 मध्ये युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवल्याचे जाहीर झाले. तत्पूर्वीच, एप्रिल-मे महिन्यांत, अनेक मोठ्या कंपन्या आपला पैसा काढून बाहेर पडल्या होत्या. निवृत्तिवेतनावर जगणारा तेवढा आत अडकला. जानेवारी 2002 मध्ये निव्वळ मालमत्ता मूल्य जाहीर होऊ लागले, तेव्हा 10 रुपये दर्शनी किमतीच्या युनिटमागे 6 रुपयांचीही मालमत्ता उरली नसल्याचे दिसले. सरकारने छोट्या युनिटधारकांना किमान किमतीचे संरक्षण दिले आणि 2003 मध्ये युनिटांच्या बदल्यात 6.75 टक्के व्याजाचे करमुक्त रोखे देऊ केले. तरीही 13-14 रुपयांना युनिट घेतलेल्यांचे नुकसान व्हायचे ते झालेच.

आज परिस्थिती वेगळी आहे. सेबीच्या नियमांनुसार प्रत्येक योजनेचे मूल्य रोज जाहीर होते, कोणत्या समभागांत आणि रोख्यांत किती पैसा आहे याची यादी दरमहा प्रसिद्ध होते. तेव्हा लपवले जात होते ते आता उघड्यावर मांडलेले असते. पाहणाऱ्याने पाहिले पाहिजे, एवढेच. आणि नेमके तेच होत नाही! एप्रिल 2020 मध्ये फ्रँकलिन टेम्पल्टनने आपल्या सहा कर्जरोखे योजना एकाएकी गुंडाळल्या, तेव्हा अनेकांना प्रथमच उमगले की, अधिक व्याजाच्या मोहाने या योजनांनी कमी पतीच्या कंपन्यांचे रोखे घेतले होते. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले. परंतु ज्याला त्याच वर्षी मुलाचे शुल्क भरायचे होते, त्याला त्याचा काय उपयोग? ‘कर्जरोखे योजना म्हणजे मुदत ठेव’ ही समजूत यूएस-64 च्या समजुतीचीच धाकटी बहीण होय.

म्हणून योजना निवडताना परताव्याच्या तक्त्यापासून आरंभ करू नये. पैसा केव्हा लागणार, हा पहिला प्रश्न. तीन वर्षांच्या आत लागणारी रक्कम समभाग योजनेत घालणे हा निव्वळ जुगार आहे. पंधरा-वीस वर्षांनी लागणारी सर्वच्या सर्व रक्कम मुदत ठेवीत ठेवणे हाही तोट्याचाच व्यवहार. महागाई ती हळूहळू कुरतडते.

दुसरा प्रश्न खर्चाचा, आणि येथेच सुशिक्षित माणूसही गाफील राहतो. 1 लाख रुपये 20 वर्षे दरसाल 12 टक्क्यांनी वाढले, तर त्यांचे सुमारे 9 लाख 64 हजार होतात. 11 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 8 लाख 6 हजार. एका टक्क्याने दीड लाखाहून अधिक रक्कम नेली. ती गुंतवलेल्या मुद्दलापेक्षाही मोठी आहे! 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेत विक्रेत्याचे कमिशन वगळलेला ‘डायरेक्ट’ पर्याय उपलब्ध आहे. ज्याला स्वतः अभ्यास करता येतो, त्याने तो घ्यावा. मात्र विक्रेत्याला सरसकट दलाल म्हणून हिणवणेही बरे नव्हे. जानेवारी 2020 मध्ये 12,400 च्या आसपास असलेला निफ्टी 24 मार्चला साडेसात हजारांपर्यंत घसरला आणि वर्ष सरण्यापूर्वी जुनी पातळी ओलांडून पुढे गेला. त्या मार्चमध्ये घाबरलेल्या कुटुंबाला विकण्यापासून ज्याने परावृत्त केले, त्याने आपले कमिशन प्रामाणिकपणे कमावले.

नव्या योजनेचे युनिट 10 रुपयांना मिळते म्हणून ते स्वस्त, हा भ्रम अद्याप गेलेला नाही. 10 हजार रुपयांत 10 रुपयांची हजार युनिटे मिळोत की 100 रुपयांची शंभर. आतील समभाग दहा टक्क्यांनी वाढले की दोन्हीकडे 11 हजारच होतात. उलट जुन्या योजनेचा पडत्या काळातला इतिहास तरी तपासता येतो. दहा-बारा योजनांचा संग्रहही निरर्थक. त्यांत बहुधा त्याच बड्या कंपन्यांचे समभाग असतात. निर्देशांकावर आधारित एखादी कमी खर्चाची योजना, जोडीला एखादी चांगली कर्जरोखे योजना, एवढ्यावर बहुतेक घरांचे भागते.

व्यवस्थापन म्हणजे रोज मूल्य पाहणे नव्हे. वर्षातून एक दिवस ठरवावा, समभाग आणि रोखे यांचे ठरवलेले प्रमाण फार ढळले असेल तर ते पूर्ववत करावे. उद्दिष्ट दोन-तीन वर्षांवर आले की समभागांतील रक्कम टप्प्याटप्प्याने सुरक्षित योजनेत हलवावी. विक्रीवर कर लागतो, हे त्या वेळी ध्यानात असावे.

त्याच दिवशी आणखी एक काम उरकावे, कारण ते बहुतेक घरांत राहून जाते. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर पत्नीला कोणत्या योजनेत काय आहे याचा पत्ताच नसतो. नामनिर्देशन झाले आहे का, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक जुना तर नाही ना, हे पाहावे. पॅन क्रमांकावर आधारित एकत्रित खातेविवरण छापून पत्नीला व सज्ञान मुलांना दाखवावे. विस्मृतीत गेलेल्या जुन्या गुंतवणुकी शोधण्यासाठी 2025 मध्ये ‘मित्रा’ ही सुविधा सुरू झाली आहे. वडिलांच्या नावे कधीकाळी घेतलेल्या एखाद्या योजनेचा शोध तेथे अवश्य घ्यावा.