पाच तारे आणि जाणता माणूस



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. जेथे तत्त्वज्ञानावर आणि राज्यकारभारावर बोलायचे, तेथे आम्ही मोबाईलचा चार्जर आणि त्याची केबल घेऊन उभे राहिलो आहोत. परंतु ही दोन-चारशे रुपयांची वस्तू रात्रभर आपल्या उशाशी विजेला जोडलेली असते, पुष्कळदा मुलांच्या अंथरुणाशेजारी. ती घेताना आपण कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला, हा प्रश्न वस्तूच्या किमतीइतका लहान नाही.

गेल्या वर्षी आम्ही घरी एक चार्जर मागवला. दुकानदाराचे तोंड पाहिले नव्हते. पाहिले ते तारे. पाचांपैकी साडेचार तारे आणि खाली हजारो अभिप्राय. एवढे लोक एकदम कसे चुकतील, असा आमचा विचार. दुसऱ्या दिवशी खोके आले. ते उघडले तर वरच एक रंगीत चिठ्ठी : ‘पाच तारे द्या, त्याचे छायाचित्र पाठवा आणि शंभर रुपये मिळवा.’ चार्जर अजून भिंतीला लागायचा होता! चिठ्ठी वाचून घरातून प्रश्न आला, “अहो, मग ते हजारो तारे असेच आले असतील का?” या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेव्हा देता आले नाही. आजचे व्याख्यान हे त्याचेच उशिरा दिलेले उत्तर आहे.

आमचे लहानपण बैलबाजाराच्या गावी गेले. त्या बाजारात शेतकरी बैल घ्यायला सहसा एकटा येत नसे. बैलाभोवती तीन माणसे बोलत. पहिला मालक. तो आपल्या बैलाची स्तुती करणारच, आणि त्यात कोणाला नवल वाटत नसे. दुसरा दलाल. उपरण्याखाली बोटे धरून तो सौदा जमवी. सौदा झाला की त्याची दलाली त्याला मिळे, आणि ही गोष्ट सगळ्या बाजाराला ठाऊक असे. तिसरा म्हणजे शेतकऱ्याने गावाहून बरोबर आणलेला जाणता माणूस. तो बोले कमी. बैलाचा जबडा उघडून दात पाही, त्याला चालवून पाही, खांद्यावरून हात फिरवी. बैल खोडीचा निघाला तर या जाणत्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात, त्याच पारावर तोंड दाखवायचे असे. आणि या तिघांखेरीज भोवती बघ्यांचा घोळका असायचा. ‘काय देखणा बैल आहे!’ असे म्हणायला त्यांना काहीच पडत नसे.

आजच्या बाजारातही हे सारे लोक आहेत. फरक एवढाच की, सर्वांनी एकच अंगरखा घातला आहे. फोनच्या पडद्यावर मालक, दलाल, जाणता आणि बघ्या एकाच अक्षरात, एकाच रांगेत बोलतात. त्यांना वेगळे ओळखणे हेच आता गिऱ्हाइकाचे काम झाले आहे.

प्रथम मालकाकडे पाहू. मालकाने गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन आपल्याच मालाची वाखाणणी करावी, ही खोटी साक्ष झाली. ती किती मोठ्या प्रमाणावर चालते याचा अंदाज २०२१ साली आला. त्या वर्षी ॲमेझॉनने चार्जर, पॉवर बँका, कानातले हेडफोन विकणारी काही अतिशय खपाची नावे आपल्या बाजारातून काढून टाकली. ऑकी, एमपॉव, रावपॉवर ही त्यांतली काही. वर्षाच्या उत्तरार्धात अशा चिनी नावांची संख्या सुमारे ६०० झाल्याचे कंपनीने सांगितले आणि त्यामागे मुख्य कारण दिले ते अभिप्रायांच्या गैरवापराचे. यांतली काही नावे तोवर चांगल्या मालासाठी प्रसिद्ध होती. माल बरा असूनही साक्ष विकत घेण्याचा मोह झाला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आपल्याकडे कायदा मुळीच नाही असे नव्हे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय मानक ब्यूरोने अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत यासाठी आयएस १९००० हे मानक काढले; विकत घेतलेल्या अभिप्रायांना त्यात थारा नाही. मात्र ते निघाले तेव्हा ऐच्छिक होते. कायद्याचा हात आमच्या खोक्यातल्या त्या चिठ्ठीपर्यंत पोचलेला नव्हता, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

परंतु समजा, उद्या सगळ्या खोट्या साक्षी पुसल्या गेल्या. मग उरलेल्या ताऱ्यांवर डोळे मिटून विसंबावे काय? येथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. त्या चार्जरच्या आधी आम्ही एक केबल घेतली होती. ती आली, फोनला लावली, दिवा लागला, आणि दहा मिनिटांच्या आत आम्ही तिला पाच तारे देऊन मोकळे झालो. कोणी पैसे दिले नव्हते. आम्ही खोटे बोललो नव्हतो. पण आम्हाला ठाऊक काय होते? केबलचा रंग, तिची लांबी आणि ती वेळेवर आली एवढेच. आम्ही घोळक्यातले बघे होतो, दात पाहिलेला जाणता नव्हे. प्रामाणिक माणूस अज्ञानी असू शकतो, आणि अज्ञानी साक्षी हजार जमल्या तरी त्यांतून ज्ञान निघत नाही.

केबलच्या बाबतीत दात पाहणे म्हणजे काय, हे २०१५ साली गुगलमधील एक अभियंते बेन्सन लेउंग यांनी दाखवून दिले. तेव्हा यूएसबी-सी हे नवे टोक नुकतेच बाजारात आले होते. एका बाजूला जुने चपटे टोक आणि दुसऱ्या बाजूला हे नवे, अशा केबलमध्ये ५६ किलो-ओहमचा एक बारीकसा रोधक असावा लागतो. ‘पलीकडचा वीजपुरवठा जुन्या पद्धतीचा आहे, बेताने ओढ’ असा निरोप त्यामुळे फोनला मिळतो. कित्येक स्वस्त केबलींत त्या जागी १० किलो-ओहमचा रोधक होता. तो फोनला उलट निरोप देतो की, तीन ॲम्पिअरपर्यंत हवे तेवढे घे. मग जुन्या चार्जरवर किंवा संगणकाच्या टोकावर पेलणार नाही इतका भार पडतो. लेउंग यांनी ॲमेझॉनवर मिळणाऱ्या केबली एकामागून एक तपासल्या आणि प्रत्येकीचा निकाल तेथेच अभिप्राय म्हणून लिहिला. २०१६ च्या फेब्रुवारीत एका केबलने त्यांचा स्वतःचा संगणक निकामी केला. तिच्यात विजेची तार आणि जमिनीची तार यांची अदलाबदल झालेली होती. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या अशा केबली विकण्यास बंदी घातली. हजार बघ्यांच्या ताऱ्यांनी जे झाले नाही, ते एका जाणत्याच्या तपासणीने झाले.

यात आणखी एक मेख आहे. एकाच पानावर पुष्कळदा अनेक विक्रेते माल विकतात. अभिप्राय अस्सल वस्तूविषयी असतो आणि घरी नक्कल येऊ शकते. २०१६ साली यूएल या सुरक्षा-तपासणी संस्थेने आयफोनचे ४०० नकली चार्जर तपासले; विजेच्या कसोटीला केवळ ३ उतरले. त्यांतील १२ तर इतके सदोष होते की, वापरणाऱ्याला प्राणघातक झटका बसावा. दिसायला मात्र ते अस्सलासारखेच होते.

आता राहिला दलाल. चित्रफिती काढून किंवा लेख लिहून ‘उत्तम दहा पॉवर बँका’ सुचवणारे जे लोक असतात, त्यांतील कित्येकांना आपण त्यांच्या दुव्यावरून खरेदी केली की टक्केवारी मिळते. ॲमेझॉनवर ही पद्धत १९९६ सालापासून आहे. दलाली घेणे हे पाप नव्हे. खरोखर तपासणी करून, टक्केवारी घेतो असे पानावर छापून लिहिणारेही आहेत. पण दलालाने जाणत्याच्या अंगरख्यात उभे राहू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनाचाही आशय हाच की, पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने ते सहज दिसेल अशा रीतीने सांगावे.

तेव्हा शिफारस वाचताना तीन प्रश्न विचारावेत. हा बोलतो त्याचे पैसे कोण देतो? याने वस्तूचे दात पाहिले, की नुसता रंग पाहिला? आणि हा चुकला तर याचे काय जाते? पहिल्या दोहोंचे उत्तर मजकुरातच सापडते. ज्याने किती दिवस वापरले, कोणत्या फोनला लावले, किती तापले हे लिहिले असेल आणि एखादी उणीवही सांगितली असेल, त्याच्या तीन ताऱ्यांना ‘एक नंबर माल’ म्हणणाऱ्याच्या पाचांपेक्षा अधिक मोल द्यावे. शिवाय चार्जर आणि पॉवर बँक यांवर मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षरापुढे नोंदणीचा आकडा असावा लागतो. तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घालून कोणालाही पडताळता येतो. याला दोन मिनिटे लागतात.

आमच्या त्या चार्जरचा शेवट सांगून आपली रजा घेतो. तिसऱ्या आठवड्यात तो गुणगुणू लागला आणि हात लावण्याजोगा राहिला नाही. तेव्हा कोठे आम्ही तो आकडा शोधला; तो नव्हताच. चार्जर काढून टाकला आणि त्या पानावर जे घडले ते तारखेसह लिहिले. एक तारा दिला. मग मागे जाऊन, दहा मिनिटांत पाच तारे दिलेल्या त्या केबलीचा अभिप्रायही पुसून टाकला. तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याचे उत्तर पडद्यावर मिळत नाही, कारण तेथे पार नाही आणि गावही नाही. परंतु आपण लिहितो त्या शब्दावर कोणी अनोळखी आई आपल्या मुलाच्या उशाशी चार्जर लावणार आहे, हे ध्यानात ठेवले तर तो पार आपल्याला आपल्यापुरता बांधता येईल.